साडेपाचला घरी जाणारा माणूस

मला महिनाभर साडेपाचला ऑफिसातून निघायचं होतं. मागणी एवढीच होती. आमची कामाची वेळ कागदोपत्री साडेपाचपर्यंतच आहे, तेव्हा बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल की त्यासाठी अर्ज कशाला करायचा. बाहेरच्या माणसाने आमच्याकडे नोकरी केलेली नाही. आमच्याकडे साडेपाचला जागेवरून उठलेल्या माणसाला तिघे जण ‘बरं वाटत नाही का?’ असं विचारतात आणि चौथा पाणी आणून देतो.

कारण घरगुती होतं. बायकोला पुष्कळ वर्षांनी नोकरी लागली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लेक झाली तेव्हा ‘वर्षभरासाठी’ म्हणून तिने काम सोडलं होतं. लेक आता कॉलेजात जाते आणि हॉस्टेलवर राहते. नवं हॉस्पिटल गावाबाहेर आहे. तिथे सकाळची पहिली बस पोचते तोवर निम्मे पेशंट व्यायाम करून घरी गेलेले असतात. मुलाखतीत तिला ‘येण्याजाण्याचं काय?’ असं विचारलं, तेव्हा ती ‘स्वतःच्या गाडीने येईन’ असं बोलून गेली. गाडी आमच्याकडे होती, त्यामुळे ती खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. ती गाडी तिला चालवता येत नव्हती, हा तपशील त्यांनी विचारला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. तोवर लायसन्स मिळालं नाही तर नोकरी दुसऱ्या बाईंना जाणार होती, आणि त्या बाईंना गाडी येत होती.

ड्रायव्हिंग स्कूलचे धडे तिने पुरे केले होते. पण तिथल्या मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक होता, त्यामुळे इतके दिवस गाडी नक्की कोणी चालवली याबद्दल तिला शंका होती. आता हवा होता रोजचा सराव, आणि नियमाप्रमाणे शेजारी बसायला लायसन्सवाला माणूस.

‘‘मी आहे ना,’’ मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ‘‘अहो, उजेड असेपर्यंत घरी याल?’’

‘‘साडेपाचला निघेन.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज म्हणजे रोज.’’

हे वाक्य मी ज्या आवाजात बोललो तो आवाज मी एरवी फक्त ट्रकवाल्यांशी फोनवर बोलताना वापरतो.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर सल्लागार बसतात. सल्लागार हे त्यांचं पद नव्हे. तो त्यांचा स्वभाव आहे. मी अर्ज लिहीत होतो तेव्हा त्यांनी न विचारता कागद ओढून घेतला. त्यावर मी सरळ लिहिलं होतं, की पत्नीस मोटार चालवण्याचा सराव देण्यासाठी एक महिना वेळेवर घरी जाण्याची परवानगी मिळावी.

‘‘असं लिहितात होय?’’ सल्लागारांनी कागद दोन बोटांत धरला. ‘‘साहेब हसतील. तुम्हाला काही बोलणार नाहीत, पण जेवताना चारचौघांत सांगतील. छोट्या कारणाला साहेब पटकन नाही म्हणतात. मोठं कारण असलं की नाही म्हणायलाही त्यांना वर विचारावं लागतं.’’

‘‘मोठं कारण कुठून आणू? बायको एकच आहे आणि गाडीही लहानच आहे.’’

‘‘लिहा,’’ सल्लागारांनी डोळे मिटले. ‘‘वैयक्तिक जीवन आणि कार्यालयीन जबाबदाऱ्या यांच्यात सुयोग्य समतोल साधण्याच्या दृष्टीने...’’

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, वाक्य मला आवडलं. माल रवाना करणाऱ्या माणसाच्या हातून अशी वाक्यं फारशी जात नाहीत.

आमचे साहेब तसे चांगले आहेत. कागद न वाचता सही करणं हा त्यांचा मोठा गुण, आणि त्याच्या जोरावरच मी निर्धास्त होतो. पण हा कागद त्यांनी वाचला. एवढंच नव्हे, तर मला बोलावून खुर्ची दाखवली. साहेब बसायला सांगतात ते सहसा उभ्याने ऐकवत नाही असं काही असलं तरच.

‘‘हे वाक्य तुमचं?’’

माझ्या डोळ्यांपुढे सल्लागार आले. पण वाक्य चांगलं असताना श्रेय वाटून घ्यायचं कशाला, असा क्षुद्र विचार मनात आला आणि मी ‘हो’ म्हणालो. त्यानंतर जे जे झालं ते या ‘हो’चं व्याज आहे.

साहेबांच्या ड्रॉवरमध्ये हेड ऑफिसचं एक परिपत्रक कित्येक आठवडे पडून होतं. प्रत्येक शाखेने कर्मचाऱ्यांच्या जीवनातील समतोलासाठी काय केलं ते कळवावं, असं त्यात होतं. साहेबांनी काही केलेलं नव्हतं, कारण समतोल हा शब्द बघितला की त्यांना माल मोजायचा वजनकाटा आठवत असे आणि तो आमच्याकडे नीट चालत होता. आता त्यांना समतोल मागणारा जिवंत माणूस सापडला होता. त्यांनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. तिथल्या तिथे समतोल समिती स्थापन झाली. साहेब अध्यक्ष, मी समन्वयक, एचआरच्या बाई सदस्य. सल्लागारांना मीच घ्यायला लावलं. मी एकटा का बुडू?

‘‘बैठक कधी घ्यायची?’’ बाईंनी विचारलं.

‘‘कामाच्या वेळात कशी घेणार?’’ साहेब म्हणाले. ‘‘कामाच्या वेळात काम असतं. रोज साडेपाचला घेऊ.’’

मी अर्जाचं काय झालं ते विचारलं. साहेब म्हणाले, तुमचा अर्ज तत्त्वतः मान्य आहे. समितीचा अहवाल आला की लगेच अंमलात आणू.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा बायको खाली गाडीपाशी उभी होती. गाडीच्या मागेपुढे शिकाऊचं लाल अक्षर तिने स्वतः चिकटवलं होतं. अंधार पडला होता.

‘‘काय झालं?’’

‘‘समिती झाली.’’

‘‘कसली?’’

‘‘मी वेळेवर घरी यावं म्हणून.’’

ती गाडीला कुलूप लावून जिना चढायला लागली. आमच्या संसारात ती चिडलेली मला चालते. ती जिना चढायला लागली की मी काळजीत पडतो.

रविवारी मात्र समितीला सुट्टी होती. त्या सकाळी आमच्या इमारतीच्या आवारात मी तिच्या शेजारी बसलो आणि पहिला धडा सुरू झाला. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मी फार शांत माणूस आहे. ऑफिसात माझ्या शांतपणाची उदाहरणं देतात. फक्त दुसरा माणूस गाडी चालवत असला की माझा उजवा पाय आपोआप समोरची जमीन दाबायला लागतो आणि तोंडातून सूचना येतात.

‘‘क्लच सोड. हळू. अगं, हळू म्हणजे सोडूच नको असं नाही. सोड. सोडलास? एकदम कशाला सोडलास?’’

‘‘अहो, तुम्ही एक काहीतरी सांगा.’’

‘‘एकच सांगतोय. समोर बघ. आरशात बघ. गिअरकडे बघू नको. पहिला टाकलास का बघ.’’

‘‘तुम्ही बोलायला लागलात की मला पायांत काय आहे तेच आठवत नाही.’’

‘‘मी बोलत नाहीये, मी शिकवतोय. आता उजवीकडे घे.’’

उजवीकडे घे असं मी म्हणालो, याबद्दल वाद नाही. त्याच वेळी माझा हात डावीकडे दाखवत होता असं बायकोचं म्हणणं आहे, आणि दुर्दैवाने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही खिडकीतून तेच पाहिलं. बायकोने माझ्या तोंडापेक्षा माझ्या हातावर विश्वास ठेवला. गाडी अगदी सावकाश डावीकडे गेली आणि इमारतीच्या सूचना फलकाला टेकली. टेकली हाच शब्द बरोबर आहे. फलक जरा विचार केल्यासारखा थांबला आणि मग खांबांसकट आडवा झाला.

सेक्रेटरी तोंडात ब्रश घेऊन खाली आले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नियमाला पक्के. ब्रश काढून त्यांनी आधी फलकाकडे, मग गाडीकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

‘‘शिकाऊ वाहन आवारात चालवायचं तर कमिटीची परवानगी लागते.’’

‘‘कुठे लिहिलंय?’’ मी जरा ताठ होऊन विचारलं.

‘‘तिथे लिहिलं होतं,’’ त्यांनी आडव्या फलकाकडे बोट केलं. ‘‘आता मला तुमच्या नावाने नोटीस काढावी लागणार.’’

‘‘काढा.’’

‘‘काढेन हो. पण लावू कुठे?’’

हा पेच खराच होता. नोटीस लावायला फलक हवा, फलक उभारायला ठराव हवा, ठरावाला सभा हवी आणि सभेची सूचना फलकावर लावावी लागते. सेक्रेटरी विचारात पडले ते पुढचे बरेच दिवस विचारातच होते. एवढं मात्र तोंडी ठरलं, की आमची गाडी आवारात फक्त उभी राहील. सरावासाठी आता गावाबाहेरचा गोदामांमागचा रस्ता उरला होता, आणि तिथे उजेडातच जाता येत होतं.

इकडे समिती जोरात होती. पहिले काही दिवस समितीचं बोधचिन्ह ठरवण्यात गेले. बाईंनी तराजू काढून आणला होता: एका पारड्यात घर, दुसऱ्यात फाइल, दोन्ही सारख्या उंचीवर. साहेब म्हणाले, हे तर हलतच नाहीये. बंद पडल्यासारखं दिसतं. मग एक पारडं खाली करावं असं ठरलं. कुठलं? घर हलकं दाखवलं तर कर्मचाऱ्यांच्या घरून तक्रार येईल. ऑफिस हलकं दाखवलं तर हेड ऑफिसकडून येईल. यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सल्लागारांनी तोडगा काढला: एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन दोरीवरून चालणारा माणूस. साहेबांना तो फार पसंत पडला. ते निघता निघता दारात थांबले आणि म्हणाले, ‘‘पण खाली जाळी आहे का हो?’’ आम्ही सगळे परत बसलो.

मी रोज सव्वापाचपासून घड्याळाकडे बघायचो. घड्याळाकडे बघणारा माणूस समतोलाबद्दल तळमळीचा आहे असं साहेबांना वाटायचं आणि ते माझ्यावर आणखी एक काम सोपवायचे. त्यांच्याच कल्पनेतून पुढे ‘वेळेवर घरी जाण्याची कला’ या विषयावर व्याख्यान ठेवलं गेलं. वक्ते उशिरा आले, कारण याच विषयावरचं त्यांचं आधीचं व्याख्यान लांबलं होतं. ते कसं उठावं, टेबल कसं आवरावं, साहेबांच्या केबिनपुढून कसं हसतमुखाने जावं, असं सगळं तपशीलवार सांगत राहिले. खिडकीबाहेर अंधार झाला. संपलं एकदाचं असं वाटेपर्यंत त्यांनी विचारलं, ‘‘कुणाला काही शंका?’’ आणि सल्लागारांनी हात वर केला. सल्लागारांशी त्यानंतर दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच येऊन सल्ला दिला, की माणसाने एवढं मनात ठेवू नये.

घरी मी रोज नवी बातमी घेऊन जायचो आणि बायको ती शांतपणे ऐकून घ्यायची. पहिल्या आठवड्यात ती खाली गाडीपाशी उभी असायची. दुसऱ्या आठवड्यात ती वर असायची, पण किल्ली टेबलावर काढलेली असायची. नंतर किल्ली टेबलावर दिसेनाशी झाली. मी समजलो, तिने आशा सोडली. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी जरा सुटल्यासारखंही वाटलं. नवरा या प्राण्याबद्दल मी इतकं मोकळेपणाने लिहितोय ते बायको हे वाचणार नाही याची खात्री असल्यामुळे. तिला आता वेळच नसतो.

एका संध्याकाळी समितीच्या बैठकीत साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. व्याख्यानात शिकवल्याप्रमाणे मी उठलो, टेबल आवरलं, हसतमुखाने केबिनपुढून गेलो आणि जिन्यावरून धावत सुटलो. घरी पोचलो तर उजेड होता आणि गाडी जागेवर नव्हती. घरात बायको नव्हती. मी रिक्षा करून गोदामांमागच्या रस्त्यावर गेलो.

आमची गाडी समोरून येत होती. नीट, रस्त्याच्या एका बाजूने, न आचके देता. वळणावर तिने दिवा दाखवला, वेग कमी केला, वळली. चालकाच्या जागेवर माझी बायको होती. शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. काकूंची मान मागे टेकलेली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. काकू झोपल्या होत्या.

‘‘हे काय चाललंय?’’ गाडी थांबल्यावर मी खिडकीत वाकून विचारलं.

‘‘हळू बोला,’’ बायको म्हणाली. ‘‘काकू उठतील.’’

काकूंनी परीक्षेनंतर कधी गाडी चालवली नव्हती, पण त्यांच्याकडे लायसन्स होतं. तरुणपणी हौसेने काढलेलं. काढल्यावर काकांनी किल्ली म्हणून हाती दिली नाही. काका गेले, गाडी विकली, तरी लायसन्सची मुदत काकूंनी कधी संपू दिली नव्हती. आमचा फलक पडला त्याच दुपारी त्या बायकोकडे आल्या होत्या.

‘‘मी म्हटलं, तुला शेजारी लायसन्स हवंय ना? ते माझ्याकडे आहे,’’ जाग्या होऊन काकू मला सांगू लागल्या. ‘‘शिकवणं काही मला येत नाही बाई. गाडी सुरू झाली की माझा डोळा लागतो. तुमच्या काकांच्या शेजारी कधी नाही लागला. ते असे चालवायचे की मी दोन्ही हातांनी दार धरून असायचे.’’

‘‘काकूंना जाग आली की मी समजते, ब्रेक जोरात लागला,’’ बायको म्हणाली. ‘‘आज एकदाही आली नाही. आत्ता तुमच्या आवाजाने आली तेवढीच.’’

‘‘पण मला सांगायचंस ना!’’

‘‘काय सांगायचं?’’

‘‘की तू शिकत्येस. मी तिकडे रोज तुझ्यासाठी समितीत भांडतोय.’’

‘‘भांडताय?’’

‘‘म्हणजे... मुद्दे मांडतोय.’’

बायकोने गाडी सुरू केली. ‘‘मागे बसा. घरी सोडते.’’

त्या रात्री जेवताना मी फार बोललो नाही. माझा अपमान झाला होता, पण तो नक्की कोणी केला ते ठरत नव्हतं. बायकोने नाही केला, ती तर बिचारी शिकत होती. काकूंनी करायचा म्हटलं तर त्या झोपेत होत्या. शेवटी मी तो साहेबांच्या खात्यावर टाकला.

परीक्षेची तारीख कळली, गुरुवार सकाळची. सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे ही शेवटची संधी. नापास झाली तर पुढची तारीख महिन्याने. मी मनाशी ठरवलं, की सरावाला नव्हतो तरी परीक्षेला असणार. आणि तारीख कळली त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावून परत खुर्ची दाखवली.

‘‘अभिनंदन! हेड ऑफिसचे लोक येतायत समतोल बघायला. शाखेचा पहिला ‘समतोल कर्मचारी’ म्हणून तुमचा सत्कार. सहकुटुंब यायचं. गुरुवारी सकाळी.’’

‘‘साहेब, गुरुवारी मला सुट्टी हवी होती.’’

‘‘सत्कारालाच? मग सत्कार कोणाचा करू? खाली अंगणात मंडप घातलाय. तुमचा फोटो मोठा करून आणलाय.’’

‘‘घरगुती काम आहे.’’

‘‘अहो, तेच तर दाखवायचंय त्यांना! घर आणि काम, दोन्ही. तुम्ही काम सोडून घरी गेलात तर समतोल कसा दिसणार?’’

इतक्या दिवसांत मी जे बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो. ‘‘साहेब, मला समतोल नकोच होता. बायकोला गाडी शिकवायची होती. गुरुवारी तिची परीक्षा आहे.’’

साहेब खुर्चीत मागे टेकले.

‘‘मग तसं लिहायचं ना,’’ ते म्हणाले. ‘‘महिनाभर काय, दोन महिने सोडलं असतं. आमच्या हिने शिकायला घेतली होती तेव्हा मला कोणी सोडलं नाही. अजून ऐकून घेतो मी.’’ त्यांचा आवाज खरोखरच हळवा झाला होता. मग त्यांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ‘‘पण आता कसं सोडू? आता तुम्ही समतोल आहात.’’

मी बाहेर आलो. सल्लागार वाटच बघत होते. ‘‘आजारी पडा,’’ ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच मी त्यांचा सल्ला घेतला नाही. गुरुवारी सकाळी मी कुणालाही काही न सांगता, धडधाकट अवस्थेत, बायको आणि काकूंबरोबर लायसन्सच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या खिडकीतल्या कारकुनांनी बायकोच्या शिकाऊ परवान्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

‘‘चष्मा कुठाय?’’

‘‘मला चष्मा नाही. वाचायला लागतो कधीतरी.’’

‘‘फोटोत आहे.’’

‘‘तेव्हा भिंतीवरच्या सूचना वाचत होते, तेवढ्यात फोटो काढला.’’

‘‘फोटोत चष्मा, म्हणजे चालवताना चष्मा. नाहीतर पुढची तारीख घ्या.’’

बायकोचा चेहरा उतरला. तिचा चष्मा घरी होता आणि रांगेत आमच्यामागे सगळं गाव उभं होतं. मी वाद घालायला तोंड उघडलं. मुद्दे मांडायची आता सवय झाली होती. पण कारकुनांनी ‘पुढचा’ म्हणायला मान उचलली होती. म्हणून मी तोंड मिटलं आणि माझा चष्मा काढून तिच्या हातात दिला.

त्यातून बघितलं तर तिला गाडीसुद्धा सापडली नसती. तिने तो नाकाच्या अगदी टोकावर ठेवला आणि वरून बघत, शाळा तपासायला आल्यासारखी, परीक्षकांच्या शेजारी जाऊन बसली. परीक्षक आपोआप सरळ बसले.

चष्म्याशिवाय मला दहा पावलांपलीकडचं जग म्हणजे नुसते रंग. आमची गाडी हा एक पांढरा ठिपका होता. तो पुढे गेला. थांबला. मागे आला.

‘‘काय चाललंय, काकू?’’

‘‘चाललंय.’’

‘‘आरशात बघत्येय का ती?’’

‘‘मला काय माहीत. मी तिला चालवताना कधी पाहिलेलंच नाही.’’

ठिपका चढावर गेला आणि मध्येच थांबला. या जागी माणसं नापास होतात हे मला माहीत होतं. गाडी मागे घसरते. माझा उजवा पाय धुळीत रुतला. ओरडायला श्वासही घेतला होता, पण ओरडायचं काय? मला दिसतच नव्हतं. ठिपका तिथेच होता. मग तो वर गेला, मागे न येता, आणि चढापलीकडे नाहीसा झाला.

‘‘गेली,’’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की काकांच्या गाडीचं दार किती सोसत असेल ते मला समजलं.

बायको परत आली तेव्हा परीक्षक उतरून कागदावर काहीतरी लिहीत होते. तिने माझा चष्मा मला परत दिला. मी तो लावला आणि तिचा चेहरा पाहिला. काही विचारावं लागलं नाही.

माझ्या खिशातला फोन सकाळपासून थरथरत होता. ‘‘साहेब असतील,’’ बायको म्हणाली. ‘‘चला, वाटेतच आहे तुमचं ऑफिस. सोडते.’’ मी सवयीने पुढचं दार उघडलं, तर तिथे काकू बसल्या होत्या. मी मागे बसलो.

ऑफिसच्या फाटकाबाहेर तिने गाडी बाजूला घेऊन उभी केली. आत मंडप दिसत होता. मंडपात, दोरीवरच्या माणसाच्या चित्राशेजारी, माझा फोटो होता. तोही दोरीवरच्या माणसासारखाच हसत होता. साहेबांनी आमची गाडी पाहिली आणि ते दोन्ही हात हलवत फाटकाकडे धावले. त्यांच्या मागे सल्लागार.

‘‘उतरताय?’’ बायकोने विचारलं. ‘‘काकू आणि मी पुढे हॉस्पिटलपर्यंत जाऊन येणार आहोत. सोमवारी एकटीने जायचंय, तर एकदा रस्ता बघून ठेवते.’’

तिच्या आवाजात ‘उतरू नका’ असं काही नव्हतं. ‘उतरा’ असंही नव्हतं. तिने फक्त विचारलं होतं आणि इंजिन चालू ठेवलं होतं.

साहेब खिडकीपाशी पोचले. ‘‘चला, चला! हेड ऑफिसवाले बसलेत. वहिनी, तुम्हीही या. समतोल कसा साधता यावर दोन शब्द बोला.’’

‘‘साहेब,’’ मी काच खाली करून म्हणालो, ‘‘मला घरगुती काम आहे.’’

‘‘मग सत्कार कोणाचा करू?’’

‘‘सल्लागारांचा करा. ते वाक्य त्यांचंच होतं.’’

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सल्लागारांनी, मोठ्या माणसाला शोभेल अशा संकोचाने, कॉलर नीट केली. बायकोने आरशात पाहिलं, दिवा दाखवला आणि गाडी रस्त्यावर घेतली. नंतर कळलं की सल्लागारांचं भाषण फार लांबलं आणि हेड ऑफिसच्या लोकांना घरी जायला उशीर झाला.

गावाबाहेरच्या रस्त्याला गर्दी नव्हती. दोन्हीकडे शेतं, मध्येच एक ट्रक. त्यावर आमच्याच कंपनीचे पंप होते, बहुधा मीच रवाना केलेले. बायकोने तो ट्रक अंतर राखून, हॉर्न न वाजवता मागे टाकला. काकू टक्क जाग्या होत्या आणि मुलीच्या लग्नाला निघाल्यासारख्या समोर बघत होत्या. मी मागे बसून जमिनीवर पाय दाबत होतो, पण मनातल्या मनात.

हॉस्पिटलचं फाटक आलं. तिने गाडी आत घेतली, दोन गाड्यांमधली जागा बघितली, एकदा पुढे, एकदा मागे केली आणि उभी केली. किल्ली फिरवली. गाडी शांत झाली. तिने दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवले होते. समोर पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवरून पांढऱ्या कोटातल्या दोन मुली हसत खाली येत होत्या.

‘‘पोचले,’’ ती म्हणाली. आम्हाला उद्देशून नव्हे.

गाडी एका बाजूला बोटभर तिरकी लागली होती. मला ते स्पष्ट दिसत होतं. आता चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. ती कशी सरळ घ्यायची तेही मला माहीत होतं, आणि सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आरशात मला तिचे डोळे दिसले.

गाडी तिरकी आहे ते मी अजून कुणाला बोललेलो नाही.